हुद्दा फौजेचा, पेशा क्रिकेटचा

१९२३ साली नागपूरच्या एका तरुणाला इंदूरच्या होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला. या नेमणुकीमागे कुठली मोहीम नव्हती की तलवार गाजवल्याची कीर्ती नव्हती. होती ती बॅट. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) क्रिकेटचे शौकीन होते आणि मुंबईच्या चौरंगी सामन्यांत लांब लांब षटकार मारणारा हा उंचापुरा गडी त्यांना आपल्या संस्थानात हवा होता. संस्थानाच्या दप्तरात क्रिकेटपटू असे पद नव्हते, म्हणून फौजेतला हुद्दा. तो पुढे वाढत कर्नलपर्यंत गेला आणि कोट्टारी कनकय्या नायडू हे नाव मागे पडून सगळ्या देशाच्या तोंडी ‘कर्नल सी. के. नायडू’ असेच बसले.

भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगताना आपण नायडूंचे षटकार मोजतो आणि पहिल्या कसोटीचे कर्णधारपद सांगतो. पण ते पोट कशावर भरत होते, हे फारसे कोणी विचारत नाही. मला वाटते, त्यांची सारी कारकीर्द, तिच्यातले वैभव आणि तिच्यातली भांडणेसुद्धा, या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेली आहे.

त्या काळी जगात खेळावर जगण्याच्या दोन-तीन रीती होत्या. अमेरिकेत १८६९ मध्येच सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली होती. नायडूंचाच समवयस्क बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजच्या बाहेरच्या क्षेत्रात उभा राहून चेंडू अडवायचा आणि बॅट हाती आली की तो मैदानाबाहेर भिरकावायचा. १९३० मध्ये त्याचा वर्षाचा पगार ऐंशी हजार डॉलर होता, हे तिथल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक होते. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा तो ‘प्लेयर’ आणि न घेता खेळणारा तो ‘जंटलमन’. दोघांचे ड्रेसिंग रूम वेगळे, मैदानात उतरण्याची दारे वेगळी, धावफलकावर नाव छापण्याची पद्धतही वेगळी. हा भेद तिथे १९६२ पर्यंत टिकला.

हिंदुस्थानात यांतले काहीच नव्हते. क्रिकेट खेळून पगार मिळेल असा क्लब नव्हता, कौंटी नव्हती. पळवणकर बाळू हे त्या काळातले आपले सर्वांत मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, या कामाचे त्यांना महिन्याला चार रुपये मिळत. गोलंदाजी तासन् तास करावी लागे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे, कारण ते चांभार जातीत जन्मले होते. दि. ब. देवधर पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. शिकवणे ही त्यांची चाकरी, क्रिकेट हा ध्यास. या दोन टोकांच्या मध्ये संस्थानिकांची पदरची माणसे होती. नायडू त्यांतले सर्वांत मोठे.

पण इंदूरच्या आधी नागपूर आहे, आणि नागपूरकर म्हणून मला तिथे थोडे थांबायचे आहे.

३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नायडूंचा जन्म नागपुरात झाला. घर तेलुगू. नागपूर-कामठीच्या पट्ट्यात तेलुगू घरे असण्याचे कोणाला नवल वाटू नये. कामठीच्या छावणीत मद्रासच्या पलटणी असत आणि त्यांच्यामागून दक्षिणेतली व्यापारी, वकील, कारकून मंडळी इथे येऊन स्थिरावली. नायडूंचे आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातले मोठे जमीनदार आणि गाजलेले वकील. १८९१ मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. वडील सूर्यप्रकाशराव कायदा शिकायला केंब्रिजला गेले, आणि घरात असे सांगत की तिथे त्यांच्याबरोबर रणजितसिंह होते. म्हणजे ज्या रणजींच्या नावाने पुढे आपली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, त्यांच्या खेळाच्या गोष्टी या मुलाने वडिलांच्या तोंडून ऐकल्या असणार. पुढे सूर्यप्रकाशराव काही काळ होळकर संस्थानात न्यायाधीशही होते. नायडूंच्या आधीच इंदूरची वाट त्या घराला ओळखीची झालेली होती.

१९०३ मध्ये वऱ्हाड जोडला गेल्यावर नागपूर हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे ठाणे होते. सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले, सीताबर्डीवर किल्ला, एम्प्रेस मिलचा भोंगा आणि मिशनऱ्यांच्या शाळा. त्यांतल्या हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये नायडू शिकले आणि शाळेच्या संघाचे कर्णधार झाले. पुढे मोदी क्लबकडून खेळले. मुंबईसारखी पारशांची, हिंदूंची जुनी जिमखान्यांची परंपरा इथे नव्हती, तरी चौरंगी सामन्यांचे वारे नागपुरातही पोचले होते. अशा गावातल्या मुलाला मुंबईच्या हिंदू संघात जागा मिळायची तर त्याच्या खेळात असे काही असायला हवे, की ज्याकडे काणाडोळा करणे निवडणाऱ्यांना जमू नये. नायडूंच्या खेळात ते होते. त्यांचा फटका जमिनीलगत जाऊन तृप्त होणारा नव्हता.

१९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना होता. हिंदूंचे ७९ धावांत ७ गडी बाद झालेले असताना वीस-एकवीस वर्षांचे नायडू मैदानात उतरले. पहिले तीन चेंडू त्यांनी अडवले. चौथा उचलून सीमेपार टाकला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला त्यांचा पहिला सामना तो हाच, आणि पहिली धाव घेतली ती षटकाराने. आज हे सांगताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चेंडू टप्पा न पडता सीमेपार गेला की सहा धावा, हा नियम तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. १९१० पूर्वी सहा धावा हव्या तर चेंडू मैदानाच्या हद्दीबाहेरच जावा लागे. शिवाय चांगल्या फलंदाजाने चेंडू हवेत मारू नये ही शिकवण सगळीकडे घोटली जात होती. उंच मारणे म्हणजे अडाण्याचा खेळ. नायडूंनी त्या अडाणी समजल्या गेलेल्या फटक्याला इभ्रत मिळवून दिली, आणि ती मिळवली साहेबांच्याच गोलंदाजीवर.

याचा सगळ्यात मोठा सोहळा झाला तो १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंशी सामना होता. एम.सी.सी.ने ३६३ धावा केल्या. त्यांत गाय अर्लने १३० धावा आणि आठ षटकार झोडले होते. लोकांना वाटले, षटकारांची जत्रा संपली. १ डिसेंबरला नायडू खेळायला आले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा काढून गेले. त्यांत षटकार अकरा. सुरुवातीला मैदानात बेताचीच गर्दी होती. बातमी फोर्टातल्या कचेऱ्यांत पोचली तशी माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली आणि जागा मिळेना म्हणून झाडांवर, गच्च्यांवर चढली, असे त्या दिवसाविषयी सांगतात. एक चेंडू जिमखान्याच्या इमारतीच्या छपरावर जाऊन पडला.

या छपराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बॉम्बे जिमखाना हा युरोपियनांचा क्लब. हिंदी माणसाला, तो कितीही शिकलेला, कितीही श्रीमंत असला तरी, तिथे सभासद होता येत नसे. ज्या इमारतीत मानाने पाय ठेवायची मुभा नाही, तिच्या कौलांवर नागपूरच्या एका मुलाने मारलेला चेंडू जाऊन आदळतो आणि हजारो माणसे ओरडतात, या आवाजाचा अर्थ मुंबईत कोणाला समजावून सांगावा लागला नसेल. असहकाराची चळवळ ओसरून चार वर्षे झाली होती. राजकारणात मरगळ होती. मैदानात मात्र त्या दिवशी कोणी मागे हटत नव्हते. हिंदूंचा डाव ३५६ वर संपला, साहेबांपेक्षा सातच धावा कमी. एम.सी.सी.ने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. त्याच महिन्यात त्याच मैदानावर देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून एम.सी.सी.विरुद्ध १४८ धावा केल्या. ही माणसे कसोटी खेळायच्या लायकीची आहेत, असे गिलिगनने मनावर घेतले आणि पतियाळाच्या महाराजांना, ग्रँट गोव्हन आणि अँथनी डिमेलो यांना देशाचे एक क्रिकेट मंडळ उभे करा म्हणून गळ घातली. १९२८ मध्ये ते मंडळ स्थापन झाले. कसोटीचे दार उघडले त्यात बैठकांचा वाटा होता हे खरेच, पण बैठक बोलवावी असे ज्यामुळे वाटले ते बॅटीने केलेले काम होते.

नायडूंच्या त्या खेळीच्या पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, बेब रूथने एका हंगामात साठ होमरन मारले. हे दोघे एकमेकांना ओळखत असण्याचे कारण नव्हते. पण लोकांना खेळाच्या मैदानात खेचून आणणारी गोष्ट दोन्ही खंडांत एकच होती: चेंडू कुंपणापलीकडे जाताना बघणे. फरक हा, की रूथच्या फटक्यांनी यांकीजच्या तिकीटखिडकीवर पैसा जमा होई आणि त्यातला वाटा करार करून त्याला मिळे. नायडूंच्या फटक्यांचा हिशेब होळकरांच्या मर्जीत होता.

ही मर्जी लहान गोष्ट नव्हती. तिने नायडूंना पोटाची चिंता न करता खेळायला मोकळीक दिली. पण संस्थानिकांच्या पदरी असण्याची दुसरी बाजू १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात दिसली. पहिल्यांदाच कसोटी खेळायला निघालेल्या संघाचा कर्णधार राजघराण्यातला हवा, हे जणू ठरलेलेच होते. पतियाळाच्या महाराजांनी माघार घेतली, तेव्हा पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा कळत होती. एका कसोटीपुरते का होईना, मैदानावरचे नेतृत्व खेळणाऱ्याकडे असावे असे मानण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे. लिंबडीकर दुखापतीने बाहेर होते. कर्णधारपद नायडूंकडे आले.

कसोटीच्या आदल्या रात्री संघात बंड झाले, असे अनेक आठवणींत येते. काही खेळाडूंनी नायडूंच्या हाताखाली खेळायला नकार दिला आणि प्रकरण निवळायला हिंदुस्थानातून पतियाळाच्या महाराजांची तार यावी लागली. नायडू कडक होते, शिस्तीचे होते, सहज हसून बोलणारे नव्हते, हे कारण सांगितले जाते आणि त्यात तथ्य असेल. मला त्यापलीकडचे कारण दिसते. त्या संघातली माणसे वेगवेगळ्या दरबारांची होती. प्रत्येकाची नोकरी, त्याची पुढची निवड, घरचा खर्च कुठल्या तरी महाराजाच्या हाती होता. अशा माणसांना एक दिवस सांगितले, की तुमचा नायक राजा नाही, राजाचा नातलगही नाही, होळकरांच्या फौजेतला तुमच्यासारखाच एक नोकर आहे. ते पचायला जड गेले असेल तर नवल काय? देशाचा संघ म्हणून एकत्र उभे राहण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि देश अजून कोणाचा पगार देत नव्हता.

२५ जून १९३२. लॉर्ड्सवर नायडू डग्लस जार्डिनबरोबर नाणेफेकीला गेले. मोहम्मद निसारने हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स या नामांकित जोडीच्या यष्ट्या उडवल्या, फ्रँक वुली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. त्यानंतर जार्डिनने डाव सावरला. इंग्लंड २५९, भारत १८९. भारताच्या डावात सर्वांत जास्त धावा नायडूंच्या, ४०, आणि त्या क्षेत्ररक्षण करताना दुखावलेल्या हाताने काढलेल्या. सामना १५८ धावांनी गेला. आकडे पराभवाचे आहेत, पण पहिल्या सकाळी लॉर्ड्सवर जी शांतता पसरली होती ती इंग्रज पत्रकारांनीच लिहून ठेवली.

त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम दर्जाचे २६ सामने खेळून १६१८ धावा केल्या आणि ६५ गडी बाद केले. एम.सी.सी.विरुद्ध लॉर्ड्सवर नाबाद ११८. वॉरविकशायरविरुद्ध एजबॅस्टनला १६२. त्यातला एक षटकार मैदानाजवळून वाहणाऱ्या री नदीपार गेला, आणि नदी ही दोन कौंट्यांची सीमा असल्याने नायडूंनी चेंडू वॉरविकशायरमधून वूस्टरशायरमध्ये मारला, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. ते छत्तीस वर्षांचे होते. ज्या वयात बहुतेक फलंदाज बूट खुंटीला टांगतात, त्या वयात त्यांना पहिली कसोटी मिळाली होती. १९३३ च्या विस्डेनने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. रणजी, दुलीप, पतौडी यांना हा मान आधी मिळाला होता, पण इंग्लिश क्रिकेटमधल्या कामगिरीवर. भारताकडून खेळून तो मिळवणारे पहिले नायडू.

त्याच संघात यष्टिरक्षण करणारे जनार्दन नवले होते. कसोटी क्रिकेटमध्ये भारताच्या फलंदाजाने खेळलेला पहिला चेंडू त्यांनी खेळला. नवल्यांच्या पाठीशी कोणी होळकर नव्हते. उतारवयात त्यांनी साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली आणि पुण्यात लहानशा घरात दिवस काढले. नायडूंची शिस्त, चिकाटी, ताकद सगळे मानले, तरी नवल्यांचे हे आयुष्य शेजारी ठेवले म्हणजे कळते की त्या पिढीत गुणाला आश्रय मिळाला तरच गुण टिकत होता.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचाच संघ इकडे आला. तिन्ही कसोटींत नायडू कर्णधार होते. मुंबईची पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर, त्याच छपरासमोर. लाला अमरनाथांनी भारताचे पहिले कसोटी शतक काढले, ११८, आणि नायडूंनी दुसऱ्या टोकाला ६७ करत त्यांच्याबरोबर १८६ धावांची भागीदारी केली. मालिका इंग्लंडने २-० जिंकली.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्याविषयी फार लिहावेसे वाटत नाही. कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार. अमरनाथांना मध्येच घरी पाठवले गेले. नायडूंचा मान ठेवला जाऊ नये यासाठी संघात प्रयत्न झाल्याच्या हकिकती अनेकांनी लिहिल्या आहेत. पुढारपण पैशावर आणि पदवीवर मिळू लागले की मैदानाचे काय होते, हे त्या उन्हाळ्याने दाखवले. नायडूंनी भांडणाचे उत्तर ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत दिले. गबी ऍलनचा वेगवान चेंडू छातीवर लागला, ते कळवळले, तरी उभे राहिले आणि ८१ धावा केल्या. तो त्यांचा कसोटीतला शेवटचा सामना आणि सर्वोच्च धावसंख्या, दोन्ही. वय चाळीस. एकूण कसोटी सात, धावा ३५०. ज्यांना फक्त हे आकडे दिसतात त्यांना नायडू कोण होते ते कळणार नाही.

कारण त्यानंतरचा काळ, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत भरघोस आहे. इंदूरमध्ये यशवंतराव होळकरांच्या काळात नायडूंनी जो संघ बांधला तो अर्ध्या मराठी मुलखाचा संघ होता. सय्यद मुश्ताक अली तर इंदूरचेच, पोरवयापासून नायडूंच्या नजरेखाली वाढलेले. नागपुरात जन्मलेला त्यांचा धाकटा भाऊ सी. एस. नायडू, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर, माधवराव जगदाळे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात या संघाकडून डेनिस कॉम्प्टनही खेळला. युद्धामुळे तो महूच्या छावणीत नेमणुकीला होता. मुंबईने ८६७ धावांचे आव्हान ठेवले, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला आणि होळकर संघ तरीही हरला. पण त्यानंतर १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडक इंदूरला आला.

खेळाडूंसाठी ते ‘कर्नलसाहेब’ होते. पाच मिनिटे उशीर नाही, मळके कपडे नाहीत, दुखते आहे म्हणून पॅव्हेलियनमध्ये बसणे नाही. पंचांशी वाद तर नाहीच. दुसऱ्याला घालून दिलेला नियम ते आधी स्वतःला लावत, आणि म्हणूनच पन्नाशीतल्या माणसाची शिस्त विशीतल्या पोरांनी सोसली. १९४५-४६ च्या रणजी हंगामात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेली होती, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्यांची सर्वांत मोठी खेळी हीच. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर आदळला आणि दोन दात पडले. त्यांनी दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, मदतीला आलेल्यांना परत पाठवले आणि फडकरांना सांगितले की वेग कमी करायचा नाही. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. त्या काळी ना हेल्मेट होते, ना छातीला पॅड.

या सगळ्या वर्षांत पैशाचे जग बदलत होते. १९४१ मध्ये बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत नायडू झळकले. एखाद्या उत्पादनाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. खेळाडूच्या नावाला बाजारात किंमत आहे, ही गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी त्यांच्या चेहऱ्यात दिसली. आणि मग सहा-सात वर्षांत संस्थानेच गेली. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. होळकर नावाचा संघ आणखी काही हंगाम तग धरून राहिला. १९५४-५५ ला शेवटचा रणजी अंतिम सामना खेळला आणि मिटला. ज्यांच्या जिवावर विजय हजाऱ्यांसारख्या खेळाडूंना देवासमध्ये, बडोद्यात हुद्दे मिळाले होते ते दरबार राहिले नाहीत. पुढच्या पिढीला बँका, रेल्वे, टाटा, एसीसी यांच्याकडे नोकऱ्या शोधाव्या लागल्या. नायडू एका व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ होते आणि तिच्या अखेरीचे साक्षीदारही.

ते स्वतः मात्र थांबले नाहीत. १९५३-५४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या आंध्र संघाला घेऊन रणजीत उतरले. १९५६-५७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून खेळले. तिथेच त्यांचे रणजी क्रिकेट संपले. त्याआधी १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. क्रिकेटपटूला मिळालेला तो पहिला. राष्ट्रीय निवड समितीवर काम केले, रेडिओवर समालोचन केले. समालोचनाचा वारसा त्यांची मुलगी चंद्रा नायडू यांनी पुढे नेला. या देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आणि १९६३ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आणि मुख्यमंत्र्यांच्या संघांमध्ये मदतनिधीसाठी झालेल्या सामन्यात सी. के. पुन्हा पांढऱ्या कपड्यांत दिसले. तो प्रथम दर्जाचा सामना धरला जातो. १९१६ ते १९६३. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके, ४११ बळी. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.

इंदूर त्यांना आपला मानते आणि त्यात काही चूक नाही. हयातीतली चव्वेचाळीस वर्षे ते त्या शहराशी बांधलेले होते. पण नागपूरने आपला हक्क इतक्या सहज सोडायला नको होता. आमच्या विदर्भाच्या संघाला रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून साठ वर्षे खेळत राहावे लागले, तेव्हा पहिला करंडक हाती आला. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने दिल्लीला हरवून तो जिंकला, आणि सामना झाला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. त्या दिवशी नागपुरात फटाके वाजले. वर्तमानपत्रांत गुरबानीची हॅट्ट्रिक होती, चंद्रकांत पंडितांचे मार्गदर्शन होते. सी. के. नायडूंचे नाव मला फार थोड्या ठिकाणी दिसले.

त्यांच्या नावाची एक स्पर्धा मात्र दरवर्षी होते. तेवीस वर्षांखालील मुलांच्या चारदिवसीय स्पर्धेला मंडळाने सी. के. नायडू करंडक असे नाव दिले आहे. विदर्भाचे संघ त्यात उतरतात; अमरावतीची, अकोल्याची, चंद्रपूरची पोरे त्यात खेळतात. मैदानावर घालवलेल्या प्रत्येक दिवसाचे मानधन मंडळ त्यांच्या बँक खात्यात जमा करते, आणि त्यासाठी त्यांतल्या कोणालाही फौजेत भरती व्हावे लागत नाही.